पुढे चालू

गुरुवार

जळगावहून रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली की पहाटे पुणं येतं. मनमाड गेलं, नगर गेलं, दौंडही अंधारातच मागे पडलं, आणि मला काही झोप लागली नाही. बॅगेत केळ्याचे वेफर्स होते, वहिनींसाठी काळा मसाला होता आणि तळाशी माझा जुना ग्लव्ह. कंपनीतल्या काकांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "वर्षश्राद्ध शनिवारी आहे. रविवारीही थांबा. आणि ग्लव्ह घेऊन या." ग्लव्ह कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बापूला जाऊन वर्ष होत आलं. भोसरीतल्या एकाच कंपनीत आम्ही बावीस वर्षं काढली. तो तपासणी विभागात, मी मशीन शॉपवर सुपरवायझर. शिवाय सतरा वर्षं रविवारी सकाळी आम्ही सॉफ्टबॉल खेळलो. मी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; तो कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा. तीन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणामुळे मी नोकरी सोडून जळगावला परत गेलो. तो गेला तेव्हा मी तिथे होतो. बातमी कळून गाडी मिळवून मी पुण्यात पोचलो तोवर वैकुंठ स्मशानभूमीतून सगळे घरी परतले होते. त्याला शेवटचं पाहिलं नाही, हे वर्षभर आत रुतून बसलं आहे.

स्टेशनवर उजाडेपर्यंत बाकावर बसलो आणि मग मेट्रोने महापालिकेला उतरलो. पुण्यात मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली आणि त्यानंतर लवकरच मी हे शहर सोडलं, त्यामुळे माझा हा मेट्रोचा पहिलाच प्रवास. नवा पूल चालत ओलांडला. मे महिन्यातली मुठा, पाणी कमी आणि जलपर्णी जास्त. पुलावरून उजवीकडे वळलं की ओंकारेश्वराच्या बाजूने शनिवार पेठेत शिरता येतं. बापूचं घर तिथेच. पूर्वी वाडा होता, आता चार मजली इमारत आहे.

त्या वाड्याच्या जिन्यापाशी भिंतीवर एक मातकट रेघ होती. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, त्या दिवशीची. बापूचा जन्म त्यानंतरचा, पण घरात लहानाचा मोठा होताना आपण त्या रेघेच्या खाली किती आहोत, हे तो फूटपट्टीने मोजायचा. वाडा पाडायच्या आदल्या दिवशी त्याने टेप लावून जमिनीपासून रेघेपर्यंतची उंची मोजली आणि घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लिहून ठेवली. भिंत जाणार होती म्हणून आकडा तरी राहावा, असं त्याचं म्हणणं. बापू कोण होता हे कुणाला सांगायचं झालं तर मी हीच गोष्ट आधी सांगतो.

वहिनींनी दार उघडलं. "भाऊजी, आधी चहा घ्या, मग बोलू." पण बोलणं लगेच झालंच नाही. चहा झाला, पोहे झाले, आईची चौकशी झाली. बंगळुरूहून आलेली लेक आतल्या खोलीत फोनवर ऑफिसचं काम करत होती. मग वहिनी उठल्या आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून वह्यांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. स्कोअरबुकं. अकरा.

सॉफ्टबॉलचं स्कोअरबुक ज्याने पाहिलं नाही त्याला ते हिशेबाच्या वहीसारखं वाटेल. प्रत्येक खेळाडूची एक ओळ, प्रत्येक डावाचा एक चौकोन. मैदानातल्या जागांना नावं नसतात, आकडे असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि मागची तिघं डावीकडून ७, ८, ९. चौकोनात ६-३ लिहिलं की शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसला दिला आणि फलंदाज बाद झाला, एवढी सगळी हकीकत दोन आकड्यांत येते. सवय झालेला माणूस दहा वर्षांपूर्वीचं पान उघडून तो सामना पुन्हा पाहू शकतो.

ही वही लिहायचे काका. कंपनीत ते स्टोअरला होते आणि वस्तू मोजून देण्याघेण्याची त्यांची सवय मैदानावरही कामी आली. पण दर रविवारी संध्याकाळी वही बापूच्या घरी यायची. तो प्रत्येक ओळ तपासायचा, रन जुळवायचा, आणि पान बरोबर असेल तर तळाशी उजव्या कोपऱ्यात लाल पेनने टिक करायचा. मग त्या पानाचा फोटो सगळ्यांना पाठवायचा. मी जळगावला गेल्यावरही दर रविवारी तो फोटो मला यायचा.

अकरावी वही मी शेवटून उघडली. शेवटच्या भरलेल्या पानावर लाल टिक नाही. पाचव्या डावाच्या रकान्यात अर्ध्यावर सगळं थांबलेलं, आणि समासात बापूच्या बारीक, सरळ अक्षरात: "वळीव. १ आउट, धावपटू तिसऱ्यावर, १ बॉल १ स्ट्राइक. पुढे चालू."

त्या वेळी फलंदाजीला कोण होतं हे पाहायला मी बोट ओळीवरून डावीकडे नेलं. बापूच होता.

त्याच्या आधीची फलंदाज तिसऱ्या बेसवर उभी, तो स्लगर घेऊन प्लेटपाशी, म्हणजे फलंदाजाच्या जागेपाशी (बॅटला आमच्याकडे सगळे स्लगरच म्हणतात), दोन चेंडू टाकून झालेले (एक चुकीचा टाकलेला, तो बॉल; एक फलंदाजाच्या विरुद्ध मोजलेला, तो स्ट्राइक), आणि आभाळ फाटलं. पाच डाव पूर्ण झाले असते तर निकाल तिथेच धरला गेला असता. आम्ही ८-६ ने मागे होतो आणि पाचव्यातली आमची फलंदाजी बाकी होती, म्हणून सामना अर्धा राहिला. त्यानंतरच्या गुरुवारी पहाटे बापू झोपेतून उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच कोसळला. हृदयविकाराचा झटका. वय अठ्ठावन्न.

या पानाचा फोटो त्या रविवारी मलाही आला होता. तेव्हा मी एका लग्नात होतो. नुसता अंगठा पाठवला आणि फोन खिशात टाकला. "कुठे होतास बॅटिंगला, किती भिजलास" असं एक वाक्यही लिहिलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "टिक करायची राहिली म्हणून मी विचारलं होतं. तर म्हणाले, मॅच संपल्याशिवाय कशी करू?"

शुक्रवार

काकांनी कंपनीत भेटायला बोलावलं. निवृत्त झाले तरी त्यांचं तिथे जाणं-येणं आहे आणि गेटवरचे लोक अजून त्यांना उठून नमस्कार करतात. सिव्हिल कोर्टला गाडी बदलून नाशिक फाट्याला उतरलो. अर्ध्या तासाच्या आत. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा पीएमटीच्या दोन बस बदलाव्या लागायच्या. पुढे २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक झाल्या, पण बापूला लागणारा वेळ काही कमी झाला नाही. तो वेळ तो उभ्याने वाचत काढायचा.

तपासणीची खोली तशीच आहे. बाहेर मशीन शॉपवर मे महिन्याचा उकाडा, आणि जाड दार लोटून आत गेलं की २० अंश. मोजमापाच्या जगात तापमान २० अंश सेल्सिअस धरलेलं असतं, ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप त्या तापमानाचं असतं. ही गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती. बापूमुळे ती अंगाला लागली.

सांगतो. एकदा निर्यातीच्या ऑर्डरचे शंभर मिलिमीटर बोअरचे (बोअर म्हणजे आतलं गोल भोक) चारशे पार्ट जायचे होते. ट्रक संध्याकाळी लागणार. मी ग्राइंडिंगवरून उतरलेले पार्ट तिथेच गेज लावून पाहिले, सगळे मापात. ट्रॉली घेऊन बापूकडे गेलो. त्याने पार्टला हात लावला आणि म्हणाला, "गरम आहेत. रात्रभर इथे ठेव, उद्या सकाळी मोजू." मी चिडलो. सगळ्यांसमोर त्याला बोललो, की तुम्हा लोकांना डिस्पॅचचं काही पडलेलं नाही. त्याने उत्तर दिलं नाही, ट्रॉली ओढून आत घेतली. साहेबांचा फोन आला, तरी त्याने पार्ट सोडले नाहीत.

शंभर मिलिमीटर पोलाद पंधरा अंशांनी गरम असलं तर ते साधारण सतरा मायक्रॉन वाढलेलं असतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपल्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी मायक्रॉन. त्या पार्टला मुभाच सगळी पस्तीस मायक्रॉनची होती. सकाळी थंड झालेल्या पार्टमध्ये गो गेज (भोक मापात असेल तर आत जायलाच हवा असा गेज) घातला तर अडतीस नगांत तो जाईना. हे अडतीस तसेच गेले असते तर तिकडे बेअरिंग बसलं नसतं, आणि सगळी ऑर्डर परत आली असती. सही माझी होती. नोकरीही माझीच गेली असती.

ते अडतीस पार्ट त्याने निमूटपणे वेगळे काढून लाल रंगाच्या क्रेटमध्ये ठेवले. मला काही म्हणाला नाही. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही, लाज वाटत होती म्हणून. रविवारी मैदानावर गेलो तर हा प्लेटमागे बसलेला, मास्क चढवलेला, मिट (कॅचरचा जाड ग्लव्ह) पुढे धरलेली. मी चेंडू टाकला. संपला विषय.

खोलीत आता जी मुलगी बसते ती बापूच्या हाताखाली ट्रेनी म्हणून आली होती. चाकणजवळच्या गावची. त्या शेवटच्या सामन्यात तिसऱ्या बेसवर उभी होती ती हीच. तिने काचेचं कपाट उघडून दाखवलं. स्लिप गेजची, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्यांची पेटी, प्रत्येक ठोकळा पुसून, व्हॅसलीनचा हलका हात देऊन ठेवलेला. "सर म्हणायचे, उघड्या हाताने धरायचं नाही, हाताची ऊब लागते." तिने हातमोजे घालूनच पेटी बंद केली.

खालच्या फळीवर एक पिवळा चेंडू होता, लाल टाक्यांचा, नवा कोरा. त्याला कॅलिब्रेशनचं लेबल बांधलेलं. अक्षर बापूचं: परिघ १२ इंच, वर-खाली एक अष्टमांश इंच चालेल, वजन तपासले, वापरण्यास योग्य. खाली त्याची सही आणि पुढच्या तपासणीची तारीख. तारीख याच महिन्यातली होती आणि उलटून गेली होती.

दर नव्या चेंडूचं तो असं करायचा. सामन्यापूर्वी शुक्रवारी चेंडू खोलीत यायचे आणि टेप, तराजू लागायचा. कुणी हसलं तर तो शांतपणे सांगायचा, की हा खेळ जन्मला तेव्हा मापाचा चेंडूच नव्हता. ती गोष्ट आम्ही पन्नास वेळा ऐकली असेल. १८८७ साल, शिकागोतला एक बोट क्लब, थँक्सगिव्हिंगचा दिवस. हार्वर्ड आणि येल यांच्या फुटबॉल सामन्याचा निकाल कळायला लोक जमलेले. निकाल लागल्यावर एकाने आनंदात बॉक्सिंगचा ग्लव्ह दुसऱ्याकडे फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅन्कॉक नावाच्या माणसाने ते पाहिलं, ग्लव्ह दोरीने आवळून त्याचा गोळा केला, खडूने जमिनीवर मैदान आखलं, आणि सगळे बंद हॉलमध्ये खेळायला लागले. 'सॉफ्टबॉल' हे नाव तर १९२६ मध्ये मिळालं. "म्हणजे आधी खेळले, मग मापं आली," बापू म्हणायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर मोठं समाधान असायचं.

मुलीने टेप घेतला. दोघांनी मिळून चेंडू मोजला. बरोबर बारा. तिने लेबल उलटं करून मागच्या बाजूला नवी तारीख घातली आणि स्वतःची सही केली. तो चेंडू काकांनी पिशवीत ठेवला. तेव्हा मला कळलं की रविवारी काय ठरलेलं आहे.

"तोच सामना," काका म्हणाले. "पाचव्या डावापासून. समोरचेही सगळे येतायत."

शनिवार

सकाळी घरी वर्षश्राद्ध. ज्ञानप्रबोधिनीच्या पौरोहित्याच्या वर्गात शिकलेल्या एक बाई आल्या होत्या. लेकीने सगळं केलं. प्रत्येक मंत्राचा बाई मराठीत अर्थ सांगत होत्या, त्यामुळे तासभर नुसतं बसून राहिल्यासारखं वाटलं नाही. आमरस, कुरडया, बापूला आवडायची ती आमसुलाची चटणी.

जेवणं झाल्यावर काका, मी, वहिनी आणि संघातले दोघं-तिघं बसलो आणि एक पेच समोर आला. पाचव्या डावात फलंदाजी बापूची. अर्धी झालेली. तिथे काय करायचं? आमचा रविवारचा नियम असा, की क्रमात नाव असलेला खेळाडू हजर नसेल आणि बदली नसेल तर त्याची पाळी आली की आउट धरायचा. काकांच्या मनात तेच होतं. प्लेटपाशी कुणी उभं राहायचं नाही, सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभं राहायचं, पंचांनी आउट म्हणायचं, आणि पुढचा फलंदाज. बोलताना त्यांचा आवाज भरून आला. आम्हा सगळ्यांना ते पटलं. मी तर मनातल्या मनात ती रिकामी जागा पाहिलीसुद्धा.

वहिनी ताटं उचलत होत्या. त्या थांबल्या.

"म्हणजे न खेळता आउट?"

कुणी बोललं नाही.

"ह्यांना पाय मुरगळला होता तरी लंगडत जाऊन उभे राहायचे, पाळी फुकट जाऊ नये म्हणून. आणि आता तुम्ही त्यांची पाळी फुकट घालवणार? शिवाय ती पोरगी बिचारी तिसऱ्यावर वर्षभर उभी आहे."

काका म्हणाले, "वहिनी, पण बदली कोण? त्या दिवशी आलेले सगळे क्रमात आहेत. क्रमात असलेला दुसऱ्याच्या जागी येऊ शकत नाही." आणि बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

मी त्या दिवशी नव्हतो. जे वर्षभर रुतलं होतं तेच कारण निघालं.

संध्याकाळी एकटाच पर्वतीला गेलो. १०३ पायऱ्या. पिचरचा जोर हातात नसतो, मांड्यांत असतो, असं सांगून बापू मला इथे घेऊन यायचा, आणि वर पोचल्यावर शहराकडे बोट दाखवत अंतरं सांगायचा. वर वारा चांगला होता. थोडा वेळ बसून खाली आलो.

रविवार

साडेसहाला मैदान. नदीपलीकडच्या एका शाळेचं, कडेला गुलमोहोर पेटलेले. आदल्या रात्री पाऊस झाला नव्हता, माती कोरडी. चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. बेस मांडताना पहिल्या बेसचा जोड तुकडा माझ्या हाती आला: अर्धा पांढरा, अर्धा नारिंगी. पांढरा मैदानातल्या खेळाडूसाठी, नारिंगी रेघेबाहेरचा, धावणाऱ्यासाठी. पूर्वी आम्ही एकच पांढरा ठेवायचो. पहिल्या बेसवर दोघांची धडक होऊन आमच्यातल्या एकाचं मनगट मोडलं, त्यानंतर बापूने हा बनवून आणला.

आमच्या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. शाळा-कॉलेजात आम्ही खेळलो तो वेगवान सॉफ्टबॉल. पिचर हात गर्रकन फिरवून चेंडू सोडतो आणि मैदानात नऊ जण असतात. चाळिशीनंतर गुडघे बोलायला लागले तेव्हा आम्ही हळूचा खेळ घेतला. त्यात चेंडू कमानीत टाकायचा, ती कमान सहा फुटांपेक्षा कमी नको आणि बारापेक्षा जास्त नको. मैदानात दहा जण, बेस चोरायचा नाही, म्हणजे चेंडू मारला जाण्याआधी पुढच्या बेसकडे पळायचं नाही. कंपनीतले बरेच जण क्रिकेटवरून आलेले. चेंडू लागला की स्लगर हातात घेऊनच पळायचे, किंवा धाव घ्यायची की नाही याचा विचार करत उभे राहायचे. त्यांना शिकवता शिकवता बापूचा घसा बसायचा.

कॅचरची जागा मात्र दोन्ही खेळांत तीच. मैदानावरच्या सगळ्यांची तोंडं प्लेटकडे, आणि कॅचर एकटा त्यांच्याकडे तोंड करून बसलेला. माझ्या पाठीमागे कोण पुढे सरकलंय, कोण पेंगतंय, तिसऱ्या बेसवरच्याच्या मनात काय आहे, हे मला कधी दिसायचं नाही. मला बापूचे डोळे दिसायचे. मास्कच्या दोन सळयांमधून. सतरा वर्षं मी मैदानाचा मागचा अर्धा भाग त्या डोळ्यांत पाहिला.

समोरचा संघ त्या दिवशीच्याच जागांवर उभा राहिला. दोघांनी तर तेच जुने टी-शर्ट घातले होते. चाकणची मुलगी जाऊन तिसऱ्या बेसवर उभी राहिली. पंच म्हणून निवृत्त पीटीचे सर, तेही तेच. त्यांनी काकांच्या हातातली वही पाहिली, हाताने खूण केली आणि मोठ्याने म्हणाले, "पाचवा डाव. एक आउट. एक बॉल, एक स्ट्राइक. बदली खेळाडू." मग माझं आडनाव घेतलं.

बापूचाच स्लगर होता. मुठीची पट्टी त्याने स्वतः गुंडाळलेली, कुठे जाड कुठे पातळ नाही. मी उजव्या बाजूला उभा राहिलो. गुलमोहोराखाली वहिनी आणि लेक खुर्च्यांवर बसल्या होत्या. कुणी ओरडत नव्हतं, नेहमी इतका गलका असतो.

पहिला चेंडू आखूड पडला. दोन बॉल, एक स्ट्राइक. दुसऱ्याला मी घाई केली, चेंडू स्लगरच्या वरच्या कडेला लागून मागे जाळीत गेला. दोन-दोन. आता चूक करायची नाही. धावपटू तिसऱ्यावर असताना आणि एकच आउट असताना काय करायचं, हे बापूने प्रत्येक नव्या माणसाला सांगितलं होतं: मोठा मारू नको, उजवीकडे जमिनीलगत मार, तू गेलास तरी चालेल, पण ती आली पाहिजे. तो स्वतः आयुष्यभर तसाच खेळला. त्याच्या नावावर होमरन फार थोडे आहेत.

तिसरा चेंडू कमानीतून खाली येताना मी थांबलो. आणखी थोडं थांबलो. मग मारला. दुसऱ्या बेसच्या दिशेने, जमिनीवरून. स्लगर टाकला आणि पळालो. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी साठ फूट किती लांब असतात ते तिथे कळतं. नारिंगी बेसवर पाय पडायच्या एक पाऊल आधी चेंडू पहिल्या बेसच्या ग्लव्हमध्ये वाजला. आउट. वळून पाहिलं तर मुलगी प्लेट ओलांडून पुढे गुलमोहोरापर्यंत पळत गेली होती आणि वहिनींनी तिचे दोन्ही हात धरले होते.

आठ-सात.

नंतर अडीच डाव झाले. मला पिचिंग करू दिलं नाही, कारण बदली आलो तो बापूच्या जागी, म्हणून बसायचं प्लेटमागे. त्याचा मास्क, त्याची मिट. मिट माझ्या हाताला मोठी होत होती. पहिल्यांदाच सगळ्यांचे चेहरे समोरून दिसले. सतरा वर्षांत मला माहीत नव्हतं, आमचा शॉर्टस्टॉप चेंडू पडण्याआधी ओठ आवळून धरतो. सामना आम्ही हरलो, अकरा-नऊ.

मिसळ खायला बेडेकरांकडे जायचं ठरलं होतं, पण कुणी उठेना. काका गुलमोहोराखाली वही मांडीवर घेऊन बसले होते. माझा चौकोन कोराच होता.

"४-३ लिहितो," काका म्हणाले. "आणि रन आणल्याचा ठिपका. पण बदलीचं नाव नाही लिहीत खाली. ओळ बापूचीच राहू दे. ठिपका त्याच्या नावावर."

मला ते इतकं बरं वाटलं की मी मान हलवली. दोघं-तिघं 'हो हो' म्हणालेही.

वहिनींनी वही मागून घेतली. इतकी वर्षं रविवारी संध्याकाळी शेजारी बसून त्यांना ती वाचता येत होती, हे आमच्या कधी लक्षात आलं नव्हतं. बोटाने ओळ धरून त्या म्हणाल्या, "मारला कुणी?"

"मी," मी म्हणालो.

"मग नाव लिहा, काका. ह्यांचं एक बॉल, एक स्ट्राइकपर्यंत. पुढचं भाऊजींचं. चुकीचं लिहिलेलं पान ह्यांनी सोडलं असतं का?"

काकांनी चष्मा काढून पुसला. मग बापूच्या नावाखाली, त्याच ओळीत, माझं नाव लिहिलं. चौकोनात ४-३. ठिपका. वहिनींनी सगळे रन पुन्हा मोजले, आमचे नऊ, त्यांचे अकरा. पर्समधून लाल पेन काढलं. झाकण घट्ट बसलं होतं, लेकीने उघडून दिलं.

टिक करून त्यांनी पान फोनसमोर धरलं. "फोटो कुणाकुणाला जायचा?"

मी म्हणालो, "मलाही पाठवा."